चढणीची वाट आणि विसाव्याचे दिवस

मैदानी प्रदेशातील प्रवासाचा आराखडा अंतराच्या हिशेबाने आखता येतो, कारण दोन ठिकाणांमधील किलोमीटर आणि वाहनाचा वेग कळला की लागणारा वेळ बऱ्यापैकी अचूक सांगता येतो. डोंगराळ देशात मात्र हा हिशेब पहिल्याच मोठ्या चढावर अपुरा पडतो. तेथे सकाळी समोर दिसणारे गाव दरी उतरून आणि पलीकडचा डोंगर चढून गाठेपर्यंत संध्याकाळ होते, आणि पायांत बळ असूनही केवळ हवा विरळ आहे म्हणून पुढे जाणे अयोग्य ठरते. नेपाळ हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. ८,००० मीटरहून उंच असलेल्या जगातील १४ शिखरांपैकी ८ शिखरे या देशात किंवा त्याच्या सीमेवर आहेत, आणि शंभर मीटरहूनही कमी उंचीवरील तराईची भातशेते व ८,८४८.८६ मीटर उंचीचे सगरमाथा, म्हणजेच एव्हरेस्ट, यांच्यातील आडवे अंतर दोनशे किलोमीटरांच्या आतच आहे. महाराष्ट्रातून दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तेथे पायी भटकंतीसाठी जाणाऱ्यांनी आपल्या आराखड्याकडे एका वेगळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे: या आराखड्यात सर्वांत मोलाचे दिवस कोणते, तर ज्यांच्यापुढे कोणत्याही नव्या गावाचे नाव लिहिलेले नसते ते.

वाट मुळात कोणाची?

नेपाळी माणूस आपल्या देशाचे तीन पट्टे मानतो. दक्षिणेकडील सपाट प्रदेश म्हणजे तराई, मधल्या डोंगररांगा म्हणजे पहाड, आणि बारमाही बर्फाची शिखरे म्हणजे हिमाल. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर असलेले कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. नेपाळमध्ये याहून कितीतरी उंच डोंगर केवळ ‘डाँडा’, म्हणजे साधी धार, या नावाने ओळखले जातात, आणि त्यांच्या उतारांवर मका, कोदो म्हणजे नाचणी, व बटाटा पिकवणारी गावे वसलेली असतात. पदभ्रमणाच्या, म्हणजेच ट्रेकिंगच्या, बहुतेक वाटा या गावांना जोडणाऱ्या जुन्या पायवाटाच आहेत. त्यांवरून मीठ, धान्य आणि लोकर यांची ने-आण चालत असे, आणि काली गंडकीच्या खोऱ्यात तिबेटी मिठाच्या व्यापारावर थकाली समाजाने आपली सुबत्ता उभी केली. या वाटेवर थकाली स्त्रिया चालवीत असलेल्या ‘भट्टी’, म्हणजे प्रवाशांना जेवण व पथारी देणारी घरे, प्रसिद्ध होत्या, आणि आज ज्याला ‘टी हाऊस’ म्हटले जाते त्या डोंगरी निवाऱ्यांचे मूळ अशाच घरांत आहे.

राणा घराण्याची सत्ता १९५१ साली संपेपर्यंत हा देश परकीयांसाठी जवळजवळ बंद होता. १९५० साली फ्रेंच गिर्यारोहकांनी ८,०९१ मीटर उंचीचे अन्नपूर्णा शिखर सर केले आणि १९५३ साली तेनसिंग व हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले. त्यानंतर शिखर न चढता केवळ त्याच्या पायथ्यापर्यंत चालत जाण्याची कल्पना व्यवसाय म्हणून मांडली ती गुरखा सैन्यातून निवृत्त झालेले अधिकारी जिमी रॉबर्ट्स यांनी, १९६० च्या दशकाच्या मध्यात. गिर्यारोहण आणि पदभ्रमण यांतील फरक तेव्हापासून स्पष्ट झाला. गिर्यारोहणात दोर, बर्फाची कुऱ्हाड आणि त्यांचे प्रशिक्षण लागते, तर पदभ्रमणात रुळलेल्या वाटेने दररोज पाच ते सात तास चालून रात्री गावात किंवा निवाऱ्यात मुक्काम केला जातो. तंबू, स्वयंपाकाची भांडी आणि शिधा पाठीवर वाहण्याची गरज प्रमुख मार्गांवर आता उरलेली नाही. पण चालणे तांत्रिकदृष्ट्या सोपे झाले म्हणून उंची सोपी झाली असे होत नाही, आणि बहुतेक चुकीचे आराखडे याच गैरसमजातून जन्म घेतात.

विरळ हवेचा हिशेब

हवेतील प्राणवायूचे प्रमाण समुद्रकाठी आणि शिखरावर सारखेच, सुमारे २१ टक्के असते. बदलतो तो हवेचा दाब. उंची वाढत जाते तसतसा हा दाब कमी होत जातो, आणि सुमारे ५,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. याचा अर्थ असा की त्या उंचीवर घेतलेल्या प्रत्येक श्वासात मुंबईतील श्वासाच्या तुलनेत साधारण निम्माच प्राणवायू असतो. शरीर या तुटवड्याला उत्तर देते, परंतु सवडीने देते. प्रथम श्वासाचा वेग वाढतो. त्यामुळे कर्बवायू अधिक प्रमाणात बाहेर पडून रक्ताची आम्लता बदलते, ती पूर्ववत करण्याचे काम मूत्रपिंडे काही दिवसांत करतात, आणि तांबड्या पेशींची संख्या वाढण्यास तर आठवडे लागतात. या साऱ्या प्रक्रियेला उंचीशी जुळवून घेणे म्हणतात.

ही प्रक्रिया पूर्ण होण्याआधीच माणूस वर चढत राहिला तर उंचीचा आजार होतो. नेपाळीत त्याला ‘लेक लाग्नु’ असे म्हणतात. लेक म्हणजे उंचावरचा थंड डोंगराळ पट्टा, आणि तो माणसाला ‘लागतो’, जसे मराठीत ऊन लागते किंवा पाणी बाधते. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, थकवा, चक्कर आणि झोप नीट न लागणे ही त्याची सौम्य लक्षणे होत. पुढे तो दोन जीवघेण्या रूपांत प्रकट होऊ शकतो. फुप्फुसांत पाणी साचले तर स्वस्थ बसलेल्या माणसालाही धाप लागते आणि खोकल्यातून फेसाळ गुलाबी थुंकी पडू लागते; मेंदूला सूज आली तर बोलणे असंबद्ध होते आणि तोल जातो. तोल तपासण्याची सोपी पद्धत म्हणजे एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या चवड्याला टेकवीत सरळ रेषेत चालायला सांगणे. ज्याला हे जमत नाही त्याला, रात्र असली तरी, सोबतीसह खाली उतरवणे हाच मुख्य उपचार आहे. बाकी सर्व उपाय, प्राणवायूचे नळकांडे आणि औषधे धरून, उतरण्याला साहाय्य करणारे आहेत, त्याची जागा घेणारे नाहीत.

महाराष्ट्रातील वाचकासाठी यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की या आजाराचा शारीरिक तंदुरुस्तीशी फारसा संबंध नाही. राजगड, रतनगड किंवा हरिश्चंद्रगडाच्या खड्या चढांवर वर्षानुवर्षे घाम गाळलेला माणूस पायांनी हिमालयाला तयार असतो, परंतु सह्याद्रीच्या उंचीवर रक्ताला विरळ हवेची ओळख होण्याची संधीच मिळालेली नसते. उलट, असा सराव असलेला माणूस दोन दिवसांचा टप्पा एका दिवसात सहज चालून जाऊ शकतो, आणि म्हणूनच त्याला धोका अधिक संभवतो. मागे राहणारा, धापा टाकीत सावकाश येणारा सोबती पुष्कळदा त्याच्यापेक्षा सुरक्षित असतो.

यावरून नियोजनाचा पहिला नियम निघतो. सुमारे ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर दुसरा मुक्काम करावा. येथे ‘मुक्कामाची उंची’ हा शब्द जाणीवपूर्वक वापरला जातो, कारण दिवसा याहून वर जाऊन रात्री खाली येऊन झोपणे शरीराला मानवते, किंबहुना हितकारक ठरते. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध मूत्रपिंडांच्या वर सांगितलेल्या कामाला वेग देते. मात्र ते वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे, आणि औषध घेतले म्हणून विश्रांतीचा दिवस वगळावा असे त्यातून निष्पन्न होत नाही.

एका आराखड्याची उकल

हा नियम प्रत्यक्षात कसा उतरतो हे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळापर्यंत जाणाऱ्या प्रसिद्ध मार्गावरून समजते. सुमारे २,८५० मीटरवरील लुक्ला येथे विमानाने उतरल्यावर पहिला मुक्काम उलट खाली, २,६०० मीटरच्या आसपास असलेल्या फाकदिंगला केला जातो. दुसऱ्या दिवशी दूधकोशी नदीवरील झुलते पूल ओलांडून आणि शेवटची लांब चढण चढून ३,४४० मीटरवरील नामचे बाजार गाठावे लागते. ही एका दिवसातील ८०० मीटरहून अधिक वाढ नियमात बसत नाही, परंतु शेवटच्या लांब चढणीवर मुक्कामाची सोय नसल्याने ती टाळणेही अवघड आहे. म्हणून तिची भरपाई नामचे येथे दोन रात्री राहून केली जाते. मधल्या दिवशी वरच्या धारेवर किंवा खुमजुंग गावापर्यंत चढून पुन्हा नामचेला येऊन झोपायचे असते. त्यानंतर सुमारे ३,८६० मीटरवरील तेंगबोचे मठ, मग ४,४१० मीटरवरील दिंगबोचे येथे पुन्हा दोन रात्री, पुढे ४,९०० मीटरच्या वर असलेले लोबुचे, आणि शेवटी ५,१०० मीटरहून उंच असलेले गोरकशेप असा क्रम येतो. गोरकशेपहून ५,३६४ मीटरवरील तळ पाहून त्याच दिवशी परत यायचे असते, आणि एव्हरेस्टचे शिखर नीट पाहायचे असेल तर दुसऱ्या पहाटे काला पत्थर या टेकाडावर चढावे लागते, कारण खुद्द तळावरून शिखराचा माथा दिसत नाही.

वर जायला आठ दिवस लागलेली हीच वाट उतरायला तीन दिवस पुरतात. म्हणजे लुक्लापासून लुक्लापर्यंत किमान अकरा-बारा दिवस होतात, आणि त्यांतील दोन दिवस एकाच गावी काढायचे असतात. सुट्टी कमी असली की कात्री पहिल्यांदा याच दोन दिवसांना लागते, कारण कागदावर ते वाया गेल्यासारखे दिसतात. वास्तविक पुढच्या सर्व दिवसांचा भार त्यांनीच उचललेला असतो. ज्याच्यापाशी इतके दिवस नाहीत त्याने हा मार्ग आखडून बसवण्याऐवजी कमी उंचीचा मार्ग निवडावा.

यात आणखी दोन-तीन दिवसांची भर घालावी लागते ती लुक्लाच्या विमानतळामुळे. १९६४ साली हिलरी यांच्या पुढाकाराने बांधलेल्या या विमानतळाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब असून ती डोंगराच्या बाजूस चढती आहे. विमाने डोळ्यांनी पाहूनच उतरवावी लागतात, दुपारनंतर ढग आणि वारा वाढतो, आणि त्यामुळे बहुतेक उड्डाणे सकाळीच होतात व हवा बिघडली की ती लागोपाठ काही दिवस रद्दही होतात. गर्दीच्या हंगामात पुष्कळ उड्डाणे काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातील मंथली येथून सुटतात, आणि तेथवर पोहोचण्यासाठी मध्यरात्रीनंतर काठमांडूहून मोटारीने चार-पाच तासांचा प्रवास करावा लागतो. म्हणून लुक्लाहून परतण्याचा दिवस आणि काठमांडूहून भारतात येण्याचा दिवस यांच्यात निदान दोन दिवसांचे अंतर राखणे शहाणपणाचे ठरते. विमान वेळेवर मिळालेच, तर ते दोन दिवस पाटण आणि भक्तपूर येथील नेवार समाजाच्या कलेच्या दर्शनात सार्थकी लागतात.

आपल्या बेताचा मार्ग

चार-पाच दिवसांची सवड असलेल्यांसाठी आणि मुलांसह जाणाऱ्या कुटुंबांसाठी पोखरा शहराजवळचा घोडेपानी व पून हिल हा मार्ग योग्य आहे. उल्लेरीच्या चढावरील दगडी पायऱ्या तीन हजारांहून अधिक असल्या, तरी मार्गाचा सर्वांत उंच बिंदू ३,२१० मीटरच असल्याने उंचीचा त्रास क्वचितच होतो, आणि सूर्योदयाच्या वेळी धौलागिरी व अन्नपूर्णा या रांगा समोरासमोर उजळताना दिसतात. परतीच्या वाटेवरील घान्द्रुक हे गुरुंग समाजाचे मोठे गाव आहे. थोडे अधिक दिवस हाती असल्यास याच परिसरातून ४,१३० मीटरवरील अन्नपूर्णा तळाकडे जाता येते. तेथे पोहोचणारी मोदी खोल्याची दरी अतिशय अरुंद असून वरच्या उतारांवरून हिमस्खलन, म्हणजे बर्फाचे लोट कोसळणे, होत असल्याने हिवाळ्यात व वसंताच्या प्रारंभी स्थानिक वाटाड्याचा सल्ला मोडू नये. वाटेत सतत दिसणारे ६,९९३ मीटर उंचीचे माछापुच्छ्रे, म्हणजे माशाच्या शेपटीच्या आकाराचे शिखर, पवित्र मानले जाते आणि त्यावर चढाईला परवानगी दिली जात नाही.

काठमांडूच्या उत्तरेकडील लांगटांग खोऱ्यात विमानाची अनिश्चितता नाही, कारण स्याब्रुबेसीपर्यंत मोटाररस्ता आहे. सात-आठ दिवसांत ३,८७० मीटरवरील क्यान्जिन गोम्पा या मठापर्यंत जाऊन परतता येते. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात वरून कोसळलेल्या बर्फ व खडकांच्या लोटाखाली लांगटांग गाव गाडले गेले. वाचलेल्या गावकऱ्यांनी ते जवळच पुन्हा उभारले आहे, आणि त्यांच्या घरी मुक्काम करणाऱ्याचा पैसा थेट त्या उभारणीला हातभार लावतो.

अन्नपूर्णा पर्वतसमूहाला वळसा घालणारा अन्नपूर्णा परिक्रमेचा मार्ग हा नियोजनाच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. त्यावर ५,४१६ मीटर उंचीची थोरांग ला ही खिंड ओलांडावी लागते. ‘ला’ हा खिंडीसाठीचा तिबेटी शब्द होय. पूर्वेकडील मनांग खोऱ्यातून जाताना ३,५०० मीटरवरील मनांग गावी दोन रात्री राहून, पुढे टप्प्याटप्प्याने खिंडीच्या पायथ्याशी मुक्काम करता येतो आणि अखेरच्या दिवशी सुमारे ९०० मीटरच चढावे लागते. पश्चिमेकडून यायचे ठरवल्यास मुक्तिनाथपासून एकाच दिवशी सोळाशे मीटर चढणे भाग पडते. म्हणूनच ही परिक्रमा परंपरेने पूर्वेकडून पश्चिमेकडे केली जाते. अलीकडे दोन्ही बाजूंनी मोटाररस्ते आत शिरल्याने मार्गाची लांबी घटली आहे. धूळ टाळण्यासाठी तांबड्या-पांढऱ्या खुणांनी दाखवलेल्या पर्यायी पायवाटा वापराव्यात.

मुक्तिनाथ आणि त्याखालून वाहणारी काली गंडकी यांच्याशी मराठी घरांचे नाते जुने आहे, कारण देवघरातील शाळिग्राम याच नदीतून येतात. हिमालयाचे उत्थान होण्यापूर्वी तेथे टेथिस नावाचा समुद्र होता, आणि त्यातील शंखधारी अमोनाइट जीवांचे जीवाश्म काळ्या दगडांत जतन झाले आहेत. शाळिग्रामावरील चक्र म्हणजे त्या शंखाचा ठसा होय. आता मोटारीने किंवा जोमसोमच्या विमानाने सुमारे ८०० मीटरवरील पोखऱ्याहून ३,७०० मीटरच्या पुढे असलेल्या मुक्तिनाथला एका-दोन दिवसांत पोहोचता येते. पायी येणाऱ्याला जे उंचीशी जुळवून घेणे आपोआप घडते, ते वाहनाने येणाऱ्या वयस्क यात्रेकरूच्या वाट्याला येत नाही. त्यामुळे यात्रेच्या आराखड्यातही मार्फा किंवा जोमसोम येथे एक मुक्काम आवर्जून ठेवला पाहिजे.

ऋतू आणि सुट्टी यांची सांगड

नेपाळमधील बहुतांश पाऊस जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पडतो. या काळात शिखरे ढगांआड असतात, वाटांवर दरडी कोसळतात आणि खालच्या जंगलांत जळवांचा उपद्रव असतो. हिमालयाच्या पलीकडील पर्जन्यछायेत असलेले अप्पर मुस्तांग व डोल्पो हे प्रदेश मात्र तेव्हाही चालण्याजोगे असतात. ऑक्टोबर व नोव्हेंबर हे सर्वांत स्वच्छ हवेचे महिने होत, आणि दिवाळीची सुट्टी त्यांत पडत असल्याने महाराष्ट्रातील कुटुंबांना ते सोयीचे आहेत. परंतु याच सुमारास नेपाळात दशैं आणि तिहार हे मोठे सण येतात, बसगाड्या भरलेल्या असतात व वाटाडे आपल्या घरी जाऊ इच्छितात, म्हणून वाटाडे काही महिने आधीच ठरवावे लागतात. मार्च-एप्रिलमध्ये दोन ते साडेतीन हजार मीटरच्या पट्ट्यात लाली गुराँस, म्हणजे नेपाळचे राष्ट्रीय फूल असलेला तांबडा ऱ्होडोडेंड्रॉन, फुलतो. मे महिन्यात खालच्या दऱ्यांत उकाडा व धूसर हवा असते आणि दुपारी ढग दाटतात. ज्यांना शाळेच्या सुट्टीमुळे तेव्हाच जाणे शक्य आहे त्यांनी पहाटे लवकर निघून दुपारपूर्वी मुक्काम गाठण्याची शिस्त पाळावी.

चांगल्या ऋतूतही हवामानावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरातील हुदहुद हे चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर धडकले, आणि त्याच्या उरलेल्या बाष्पाने दोनच दिवसांत अन्नपूर्णा व धौलागिरी परिसरात प्रचंड हिमवर्षाव केला. थोरांग ला आणि आसपासच्या भागात चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आकाश स्वच्छ असण्याच्या हंगामातच हे घडले. म्हणून या महिन्यांत उपसागरातील वादळाची बातमी ऐकताच उंच खिंडीखालच्या गावी थांबता आले पाहिजे, आणि थांबायचे तर हाती शिल्लक दिवस असला पाहिजे.

ओझे वाहणारी माणसे

शेर्पा हे व्यवसायाचे नाव नसून पूर्व नेपाळच्या उंच प्रदेशात राहणाऱ्या एका समाजाचे नाव आहे. वाटांवर ओझी वाहणारे अनेक भारवाहक राई, तामाङ, मगर अशा पहाडी समाजांतील असतात, त्यांची गावे कमी उंचीवर असतात, आणि त्यांनाही लेक तितकाच लागतो. ‘त्यांना सवय असते’ हा समज धरून त्यांच्या डोकेदुखीकडे दुर्लक्ष झाल्यास परिणाम भीषण होतात. भारवाहकाच्या ओझ्याची ३० किलोंची मर्यादा मानली जाते. दोन प्रवाशांत एक भारवाहक घेतल्यास प्रत्येकाने आपले सामान बारा-तेरा किलोंच्या आत ठेवले पाहिजे, म्हणजे त्याच्या स्वतःच्या सामानालाही जागा उरते. त्याच्यापाशी उबदार कपडे व बूट आहेत का, त्याचा विमा उतरवला आहे का, आणि आजारी पडल्यास त्याला एकट्याने परत पाठवले जाणार नाही ना, हे प्रश्न व्यवहार ठरवतानाच विचारावेत. वाटाड्याला मोठ्या भावाप्रमाणे ‘दाइ’ आणि निवारा चालवणाऱ्या बाईंना ‘दिदी’ म्हणण्याची तेथे रीत आहे. निवाऱ्यात खोली स्वस्त दिली जाते ती जेवण तेथेच घेतले जाईल या अपेक्षेने. डाळ, भात आणि तरकारी यांचे साधे जेवण हे ताजे, पोटभर आणि कमी सरपण खाणारे असते.

कागदपत्रे आणि सामान

भारतीय नागरिकांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना वैध पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र जवळ असावे. राष्ट्रीय उद्याने व संरक्षित क्षेत्रे यांचे प्रवेश परवाने काढावे लागतात, आणि सार्क देशांच्या नागरिकांना त्यांत सवलत मिळते. मुस्तांगचा वरचा भाग, मनास्लू व डोल्पो यांसाठी विशेष परवाना आणि मान्यताप्राप्त संस्थेमार्फत प्रवास आवश्यक असतो. २०२३ पासून परदेशी पदभ्रमणकर्त्यांनी परवानाधारक वाटाड्या सोबत घ्यावा असा नियम करण्यात आला असून त्याची अंमलबजावणी भागानुसार बदलते, म्हणून निघण्यापूर्वी नेपाळ पर्यटन मंडळाकडे चौकशी करावी. भारताच्या एका रुपयाला नेपाळचा १.६ रुपया हा दर १९९३ पासून स्थिर आहे. एटीएम काही मोजक्याच ठिकाणी असल्याने पुरेसे नेपाळी चलन बरोबर ठेवावे. प्रवासविमा घेताना त्यात पदभ्रमणाची उंची स्पष्ट लिहिलेली आहे का आणि हेलिकॉप्टरने सोडवणुकीचा खर्च समाविष्ट आहे का, हे वाचून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटते. काठमांडू १,४०० मीटरवर आहे. तेथे २० अंश असताना गोरकशेपला पारा शून्याखाली असणार हे या एका आकड्यावरून काढता येते. एका जाड कोटापेक्षा एकावर एक घालता येणारे तीन थर उपयोगी पडतात: घाम शोषून लवकर वाळणारा आतला, ऊब धरणारा मधला आणि वारा-पाऊस अडवणारा वरचा. सुती कपडा ओला झाला की वाळत नाही आणि अंगातील ऊब हिरावतो, म्हणून तो टाळावा. बूट नवे असल्यास निघण्याआधी महिनाभर सह्याद्रीतच वापरून पायाला बसवावेत. पाणी उकळून किंवा क्लोरीनच्या गोळीने शुद्ध करून स्वतःच्या बाटलीत भरावे, कारण वर नेलेली प्रत्येक प्लास्टिकची बाटली वरच उरते. याक किंवा खेचरांचा तांडा आला तर दरीच्या बाजूला न थांबता डोंगराच्या बाजूला सरकावे. मंत्र कोरलेल्या दगडांच्या मणी-भिंती उजव्या हाताला ठेवून पुढे जावे, जशी देवळाला प्रदक्षिणा घातली जाते.

नेपाळच्या पहाडी वाटांवर ठराविक अंतराने वड-पिंपळाच्या सावलीत दगडी ओटे बांधलेले दिसतात. त्यांना चौतारो म्हणतात, आणि मराठी माणसाला ते पाहून गावातला पार आठवल्यावाचून राहत नाही. त्यांची उंची अशी असते की पाठीवर ‘डोको’, म्हणजे बांबूची निमुळती टोपली, आणि कपाळावर तिचा पट्टा असलेल्या भारवाहकाने खाली न बसता, ओझे न उतरवता केवळ मागे टेकावे आणि भार ओट्यावर विसावावा. दिवंगत आप्तांच्या स्मरणार्थ असे चौतारे बांधणे हे पुण्यकर्म मानले जाते. ज्यांचा जन्म या चढणीवर गेला त्यांनी विसाव्याच्या जागा वाट बांधतानाच बांधून ठेवल्या. थकवा आल्यावर त्या शोधायच्या नसतात हे त्यांना ठाऊक होते. बाहेरून येणाऱ्या प्रवाशानेही दिनदर्शिका समोर घेतली की आधी नामचेचा दुसरा दिवस, मनांगची दुसरी रात्र आणि काठमांडूचे दोन मोकळे दिवस लिहावेत, आणि उरलेल्या जागेत जेवढी उंची बसेल तेवढीच आपली मानावी.